देशोदेशीचं बाळंतपण: फरक कुठे पडतो आणि का

नेदरलँड्समध्ये सदतिसावा आठवडा लागला की घरातला पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच केलेला असावा लागतो. गादीचा वरचा भाग जमिनीपासून साधारण ७० ते ८० सेंटिमीटर. बाळंतिणीला तपासताना मिडवाइफला, म्हणजे बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेल्या बाईला, सारखं वाकावं लागू नये, एवढंच त्यामागचं कारण. बाळंतपण दवाखान्यात करायचं ठरलं असलं तरी पलंग उंच लागतोच, कारण त्यानंतर आठ-दहा दिवस प्रशिक्षित मदतनीस घरी येणार असते आणि तिच्याही कमरेची काळजी नियमांत घेतलेली आहे.

बाळंतपणाच्या पद्धतींबद्दल आपण ऐकतो तेव्हा नेमकी ही मागची बाजू निसटते. ‘तिकडे बायका घरीच बाळंत होतात’, ‘तिकडे कळांवर औषध घेत नाहीत’, इतकंच कानावर येतं. मदतीला कोण असतं, काही बिनसलं तर किती मिनिटांत काय हाताशी येतं, खर्च कोण उचलतं, हे कुणी सांगत नाही. खरा फरक तिथेच असतो. बाकी शरीराचं काम सगळीकडे एकच: कळा येतात, गर्भपिशवीचं तोंड १० सेंटिमीटर उघडतं, बाळ बाहेर येतं, मग वार पडते.

घरी की दवाखान्यात

१९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरी होत. आज ते प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे. घर निवडायची मुभा सरसकट मिळत नाही. एकच बाळ, डोकं खाली, ३७ पूर्ण ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान कळा, आधी सिझेरियन झालेलं नाही, रक्तदाब किंवा इन्सुलिन लागणारा मधुमेह नाही, अशा बाईलाच ती मिळते. कोणत्या अडचणीत मिडवाइफने काम पुढे चालू ठेवायचं आणि कोणत्या अडचणीत दवाखान्यात पाठवायचं, याची देशभर एकच लेखी यादी आहे. पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट आलं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली, तर दवाखाना. कळा असूनही तोंड उघडायचं थांबलं, तर दवाखाना. वार अडकली, तर दवाखाना. बाईने एपिड्यूरल, म्हणजे कळांची वेदना मारणारं कंबरेतून दिलेलं औषध, मागितलं तरी दवाखानाच, कारण ते घरी देता येत नाही. रुग्णवाहिकेने साधारण ४५ मिनिटांत दवाखाना गाठता यावा, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेलं आहे.

ही चाळणी किती कामाची आहे ते आकड्यांत दिसतं. तिथल्या कमी जोखमीच्या ५ लाख २९ हजार बाळंतपणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिडवाइफच्या हाताखाली घरी आणि मिडवाइफच्याच हाताखाली दवाखान्यात झालेल्या बाळंतपणांत बाळांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

इंग्लंडमधल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात चित्र थोडं वेगळं निघालं. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या खेपेला घरी बाळंत होणाऱ्या बायकांच्या बाळांना जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू असं घडण्याचं प्रमाण घरी हजारामागे ९.३ आणि डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात ५.३ होतं. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मध्येच किंवा बाळ झाल्यावर लगेच दवाखान्यात हलवावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्या बायकांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. पहिल्या खेपेला कळा लांबतात, बाळ खाली सरकायला वेळ लागतो आणि शरीराने ही वाट आधी पाहिलेली नसते. घराचा विचार करणाऱ्या पहिलटकरणीला हे आकडे तोंडावर सांगायला हवेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आता हेच ‘घरी’ अशा ठिकाणी नेऊन पाहा, जिथे रस्ता नाही, रुग्णवाहिका नाही आणि शेजारी कुणी प्रशिक्षित माणूस नाही. २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्याच्याशी निगडित कारणांनी गेल्या. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त एकट्या नायजेरियातल्या. या मृत्यूंमागे तीन प्रकारचे उशीर असतात, ही मांडणी १९९४ पासून वापरात आहे: दवाखान्यात जायचं ठरवण्यात उशीर, तिथे पोहोचण्यात उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात उशीर. दुसरा उशीर टाळायला क्युबाने १९६२ पासून मातृगृहं सुरू केली. दूर राहणाऱ्या किंवा जोखीम असलेल्या बायका दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या या घरांत येऊन राहतात. इथिओपिया, झांबिया, मलावी इथेही अशी घरं आहेत. त्यांचं यश अगदी छोट्या गोष्टींवर ठरतं: स्वयंपाकाची सोय आहे का, सोबत येणाऱ्या बाईला झोपायला जागा आहे का, मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळणार. यातलं एक जरी नसलं तरी खोल्या रिकाम्या पडून राहतात.

दवाखाना बांधला, बायका आल्या नाहीत

पेरू देशातल्या अयाकूचो भागात, अँडीजच्या डोंगरात, केचुआ भाषा बोलणाऱ्या समाजात नेमकं हेच झालं. आरोग्यकेंद्र होतं, माणसं होती, तरी सांतियाना नावाच्या भागात १९९९ मध्ये फक्त ६ टक्के बाळंतपणं केंद्रात होत होती. बायकांना कारणं विचारली. केंद्रात कपडे काढायला लावतात, आणि आमच्या मते बाळंतपणात अंगाला गारवा लागणं घातक. टेबलावर उताणं झोपवतात, आम्ही तर उकिडवं बसून किंवा गुडघ्यांवर बाळंत होतो. नवऱ्याला, आईला बाहेर ठेवतात. वार फेकून देतात, आमच्यात ती विधीने पुरतात. आणि तिथल्या लोकांना आमची भाषा येत नाही.

त्यावर केंद्राने एकेक गोष्ट बदलली. खोली गरम ठेवली. आढ्याला जाड दोर बांधला, त्याला धरून जोर करता यावा म्हणून. कमी उंचीचं बाक ठेवलं. घरचं माणूस आत येऊ दिलं, मागून कंबर धरायला नवरा किंवा गावातली दाई. वार घरच्यांच्या हवाली केली. केचुआ बोलणारी माणसं नेमली. वैद्यकीय बाजू मात्र तशीच ठेवली: निर्जंतुक साहित्य, वार पडण्यासाठी इंजेक्शन, गरज पडली तर पुढे पाठवण्याची तयारी. २००७ पर्यंत केंद्रातली बाळंतपणं ८३ टक्क्यांवर गेली. पेरूने २००५ मध्ये उभ्या स्थितीतल्या बाळंतपणाचे अधिकृत नियमही केले.

वार परत मागणं हा काही डोंगरातल्या लोकांपुरता हट्ट नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेत ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, वार आणि जमीन. तिथल्या दवाखान्यांत वार घरी न्यायची का, हे रीतसर विचारलं जातं.

हात कुणाचा

मिडवाइफ म्हणजे गावची दाई, असा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा लागेल. नेदरलँड्समध्ये मिडवाइफचं शिक्षण चार वर्षांचं आहे. तिला तपासणी, औषधं, टाके, बाळाला श्वास देणं हे सगळं स्वतःच्या जबाबदारीवर करता येतं. जर्मनीत तर कायदाच सांगतो की प्रत्येक बाळंतपणाला मिडवाइफ हजर हवी. डॉक्टर असले तरी त्यांनी तिला बोलावलंच पाहिजे. स्वीडन आणि इंग्लंडमध्ये सरळ चाललेलं बाळंतपण मिडवाइफच करते आणि डॉक्टर अडचण आली तरच खोलीत येतात. अमेरिकेत उलट आहे: बहुतेक बाळंतपणं स्त्रीरोगतज्ज्ञ करतात, मिडवाइफच्या हातून होणारी दहातली एखादी.

ज्या देशांत मिडवाइफला दवाखान्याच्या साखळीत पक्की जागा आहे, तिथे ही पद्धत चांगली चालते. जिथे तिला फोन करायला वर कुणी नाही, किंवा फोन केला तर ‘इतका वेळ काय करत होतीस’ असं ऐकावं लागतं, तिथे ती पाठवायला उशीर करते. त्या उशिराची किंमत बाळ-बाळंतीण मोजतात.

सोबतीच्या माणसाचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. कळांच्या पूर्ण काळात ओळखीचं माणूस जवळ असलं की सिझेरियनचं आणि वेदनाशामकांचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा आखूड होतो. औषधाशिवाय इतकं मिळवून देणाऱ्या फार थोड्या गोष्टी आहेत. ब्राझीलने २००५ मध्ये कायदा करून सरकारी दवाखान्यात आपल्या पसंतीचं एक माणूस सोबत ठेवण्याचा हक्क दिला. अनेक देशांत हे अडतं ते पडद्यापाशी: एका मोठ्या खोलीत सहा-आठ खाटा, मध्ये आडोसा नाही, मग पुरुष माणूस आत कसं सोडणार? उपाय स्वस्त आहे, पण तो कुणीतरी करावा लागतो.

उताणं, उभं की कुशीवर

टेबलावर उताणं झोपून पाय वर बांधण्याची पद्धत करणाऱ्याच्या सोयीची आहे: समोर स्पष्ट दिसतं, बाळ ओढून काढायला चिमटा लावता येतो, टाके घालता येतात. बाईच्या बाजूने तिच्यात दोन तोटे आहेत. भरलेली गर्भपिशवी पाठीलगतच्या मोठ्या शिरेवर दाब देते, त्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब उतरतो आणि बाळालाही कमी रक्त मिळतं. शिवाय माकडहाडाला मागे सरायला जागा राहत नाही.

एपिड्यूरल घेतलेलं नसेल तर उभं, उकिडवं किंवा गुडघ्यांवर राहिल्याने चिमटा-व्हॅक्यूम लागण्याचं आणि बाळाची वाट रुंद करायला खालचा छेद घेण्याचं प्रमाण घटतं. मात्र अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसतं. एपिड्यूरल घेतलेल्या पहिलटकरणींवर ब्रिटनमध्ये झालेल्या २०१७ च्या चाचणीत निकाल उलटा आला. कुशीवर झोपलेल्यांपैकी ४१ टक्के जणींचं बाळ चिमट्याशिवाय, आपोआप झालं. उठून बसलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे ‘उभं राहा’ हा सल्लासुद्धा कंबरेत औषध चालू आहे की नाही, हे पाहूनच द्यायचा.

खालच्या छेदाबाबत युरोपातच केवढी तफावत होती: २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये ५ टक्के आणि सायप्रसमध्ये ७५ टक्के नॉर्मल बाळंतपणांत तो घेतला गेला. शरीररचनेत इतका फरक असूच शकत नाही. हा फरक शिकवणीचा आहे. सरसकट छेद घेतल्याने मोठी फाट टळते, हा जुना समज चाचण्यांनी खोटा ठरवला आहे. तो गरजेपुरताच घ्यावा.

कळांमध्ये काही खाऊ न देण्याचा नियमही असाच जुन्या काळातला आहे. १९४६ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की गुंगीच्या औषधाखाली पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. तेव्हा तोंडावर मास्क ठेवून पूर्ण भूल देत. आज बहुतेक सिझेरियन कंबरेतल्या इंजेक्शनवर होतात, बाई जागी असते. जोखीम कमी असलेल्या बाईला पातळ आणि हलकं खाऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये तसं करतात, तर अमेरिकेत अनेक ठिकाणी अजून फक्त पाणी किंवा बर्फाचे तुकडे मिळतात.

कळा सोसण्याची मदत

फ्रान्समध्ये ८० टक्क्यांहून जास्त बायका एपिड्यूरल घेतात. जपानमध्ये २०१७ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं, त्यानंतर ते वाढत गेलं. ‘जपानी बायका सोशिक’ असं म्हणून यावर पडदा टाकणं सोपं आहे. सोसण्याची शिकवण तिथे आहेच, पण एपिड्यूरलला भूलतज्ज्ञ रात्री तीन वाजताही हजर लागतो. कण्यातल्या बारीक जागेत नळी ठेवून औषध चालू ठेवायचं, रक्तदाब सारखा मोजायचा, बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवायची. जपानमध्ये जवळपास निम्मी बाळंतपणं एक-दोन डॉक्टरांच्या छोट्या खासगी प्रसूतिगृहांत होतात, तिथे हे दिवसरात्र जमत नाही. म्हणून अनेक ठिकाणी तारीख ठरवून, कळा औषधाने सुरू करून, दिवसा एपिड्यूरल देतात.

स्वीडन आणि ब्रिटनमध्ये आणखी एक सोय आहे: नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन असं वायूचं मिश्रण, ब्रिटनमध्ये निम्मं-निम्मं. बाई नळी स्वतःच्या हाताने धरते. परिणाम व्हायला वीस-तीस सेकंद लागतात, म्हणून कळ चढायला लागली की लगेच ओढायला सुरुवात करायची, शिखरावर पोहोचल्यावर नाही. हा वेळ चुकला की ‘वायूचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार येते.

सिझेरियनचे टोकाचे आकडे

जगात साधारण पाचातलं एक बाळ सिझेरियनने जन्मतं. पण ही सरासरी फसवी आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या पुढे आहे आणि तिथल्या खासगी दवाखान्यांत ८० टक्क्यांच्या वर. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. चाडमध्ये जेमतेम दीड टक्का, म्हणजे ज्यांचा जीव त्याने वाचला असता अशाही अनेकींना ते मिळत नाही.

एकाच देशात सरकारी आणि खासगी दवाखान्यांत तिपटीहून जास्त फरक पडतो, तेव्हा कारण बायकांच्या शरीरात शोधून उपयोग नसतो. नॉर्मल बाळंतपण बारा तास खातं आणि ते कधी होईल सांगता येत नाही. सिझेरियन तासाभरात उरकतं आणि वेळापत्रकात बसतं. एकट्या डॉक्टरला बाह्यरुग्ण विभागही सांभाळायचा असतो, खटल्याची भीती असते, कळांच्या वेदनेवर दुसरा उपाय दिला जात नाही म्हणून बाईही शस्त्रक्रिया मागते. शिवाय पहिलं सिझेरियन पुढच्याला ओढून आणतं.

घाईचं एक कारण कळांची प्रगती नोंदवायच्या तक्त्यातही दडलेलं होतं. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन निरीक्षणांवरून दर तासाला १ सेंटिमीटर तोंड उघडलं पाहिजे, असं ठरलं आणि १९७०च्या दशकात आजच्या झिंबाब्वेत तयार झालेल्या आलेखाने ते जगभर पोहोचवलं. तो आलेख दूरच्या केंद्रातून बाईला वेळेत पाठवायला फार उपयोगी पडला. पण निरोगी बायकांतही अनेकींचं तोंड याहून सावकाश उघडतं. म्हणून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोराच्या कळांची सुरुवात ५ सेंटिमीटरपासून मोजायला सांगितली आणि तोंड सावकाश उघडतंय एवढ्या एका कारणावरून हस्तक्षेप करू नका असं स्पष्ट केलं.

एखाद्या दवाखान्याचा नुसता सिझेरियनचा टक्का विचारून फारसं कळत नाही, कारण अवघड केसेस जिथे जातात तिथे तो जास्तच असणार. नेमका प्रश्न असा: ‘पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशांपैकी किती जणींचं सिझेरियन होतं?’

वार पडतानाची दहा मिनिटं

बाळ हातात आलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, आणि आईचा सर्वात धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. वार सुटल्यावर गर्भपिशवी घट्ट आवळली नाही तर रक्त धो धो जातं. म्हणून ती आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिटं पहिल्या मिनिटातच देतात. नाळ मात्र १ ते ३ मिनिटं थांबून कापायची, म्हणजे वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या महिन्यांत त्याच्या अंगात लोह पुरतं.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. वीज जाते तिथे कुपी भरलेली दिसते, पण औषधाचा जोर गेलेला असतो. अशा ठिकाणी उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या वापरतात. दुसरी चूक अंदाजाची: चादरीत मुरलेलं रक्त डोळ्यांना कमी वाटतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली. रक्त मोजून, ठरलेल्या खुणेपाशी पोहोचताच पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी, हे सगळं एकदम सुरू केलं. जीवघेण्या रक्तस्रावाचा आणि त्याच्या परिणामांचा धोका ६० टक्क्यांनी घटला.

घरी कधी, आणि घरी कोण

ब्रिटनमध्ये सगळं ठीक असेल तर सहा तासांतही घरी सोडतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानुसार विम्याने नॉर्मलनंतर किमान ४८ आणि सिझेरियननंतर ९६ तासांचा खर्च द्यावा लागतो. जपानमध्ये पाच-सहा दिवस ठेवतात. लवकर सोडणं वाईट नाही, पण मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी घरी यायला हवं. बाळाची कावीळ तेव्हाच चढते, दूध तेव्हाच उतरतं आणि छाती दगडासारखी होते, आईचा रक्तदाबही याच आठवड्यात पुन्हा उसळू शकतो. ब्रिटनमध्ये मिडवाइफ येते. जर्मनीत पहिले दहा दिवस रोज येण्याची तरतूद विम्यात आहे, शिवाय बाळंतपणानंतर आठ आठवडे आईला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. नेदरलँड्समधली मदतनीस साधारण ४९ तास वाटून येते: टाके पाहते, बाळाचं वजन आणि ताप मोजते, पाजायला शिकवते, थोरल्या मुलाला जेवू घालते.

पूर्व आशियात हा भार घर किंवा बाजार उचलतो. जपानी बाई साधारण आठव्या-नवव्या महिन्यात माहेरी जाते. दक्षिण कोरियात दोन आठवडे खास बाळंतीण-निवासात राहण्याची पद्धत आहे. चीनमध्ये महिनाभर घरात विश्रांती, गरम खाणं, वाऱ्यापासून जपणं. विश्रांती आणि हाताखालची मदत उत्तमच. पण खिडक्या बंद करून जाड पांघरुणात पडून राहिल्याने उन्हाळ्यात उष्माघात होतो आणि हालचाल थांबली की पायाच्या शिरेत रक्त गोठतं. फ्रान्समध्ये सहा-आठ आठवड्यांनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पूर्ववत करण्यासाठी व्यायामाची दहा सत्रं विम्यातून मिळतात. खोकताना लघवी सुटणं हे बाळंतपणानंतर ‘असायचंच’ म्हणून सोडून देणाऱ्या सर्वच देशांनी ही एक गोष्ट जरूर उचलावी.

परदेशात बाळंत होण्याची वेळ आली तर प्रवास लवकर उरकावा. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असलं तरी ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत. सोबत पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी ठेवावी, कारण तारीख तिच्यावरूनच सर्वात अचूक ठरते. रक्तगटाचा कागद हवा, आणि गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी हे त्यासाठीचं इंजेक्शन कधी दिलं याची नोंदही. आधी सिझेरियन झालं असेल तर त्या शस्त्रक्रियेचा तपशील मागून घ्यावा. गर्भपिशवीवरचा छेद खालच्या बाजूला आडवा असेल, तर पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करताना तो उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो. उभा छेद असेल तर तो बराच जास्त असतो आणि असा प्रयत्न सहसा करू देत नाहीत. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद आडवा की उभा हे ओळखता येत नाही. ते फक्त त्या कागदावरच लिहिलेलं असतं.